घाट उतरून आलेली होडी

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवली, की पाच मिनिटांत तिच्यामागे दहा-बारा माणसे जमतात. गाडीकडे कुणी पाहत नाही. पाहतात ते मागच्या दोनचाकी ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेल्या सोळा फुटी होडीकडे. "समुद्र तर खाली राहिला, वर कशाला आणलीत?" हा नेहमीचा प्रश्न. एका ट्रकचालकाने एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले, "वर कुठं पूर आलाय का?" मी हसून चहा घेतो. खरे उत्तर द्यायचे तर दोन कप चहा पुरणार नाही. आज रविवार आहे, वाचकांपाशी थोडी सवड असेल, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर देतो.

माझे आजोळ दाभोळच्या खाडीकाठचे. वासिष्ठी नदी चिपळूणवरून वळणे घेत येते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तिथे मामाच्या होडीत माझ्या मे महिन्याच्या सुट्या गेल्या. पुढे पुण्यात एका कारखान्यात यंत्रांची आरेखने करण्यात पस्तीस वर्षे काढली. मनात मात्र एकच आरेखन घोळत होते. पुण्यात बिल्डिंगच्या आवारात राहील, साध्या मोटारीमागून घाट उतरेल, दोन माणसांना उचलून पाण्यात ढकलता येईल, दिवसभर गळ टाकून मासे धरता येतील आणि रात्री खाडीतच नांगरून झोपता येईल, अशी शिडाची होडी. इंजिन चालले नाही तर शीड, वारा पडला तर वल्हे, आणि दोन्ही जमेना तर चिखलात स्वस्थ बसून भरतीची वाट पाहणे. एवढीच अपेक्षा.

एवढीच अपेक्षा किती अवघड असते, हे मला पहिल्या होडीने शिकवले.

पहिली होडी मी घाईने बांधली. तिला छोटी केबिन होती, कारण चित्रात केबिन छान दिसते. डोलकाठी सात मीटरची होती, कारण उंच शीड म्हणजे वेग. जानेवारी २०११ मधल्या एका दुपारी मी आणि माझा मामेभाऊ समुद्रातून खाडीकडे परतत होतो. ओहोटी लागली होती. दुपारचा वायव्येचा वारा पाठीमागून रेटत होता आणि बाहेर जाणारे पाणी त्याच्या तोंडावर येत होते. वारा आणि ओढ अशी समोरासमोर आली, की खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड होतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात. हे मला ठाऊक होते. फक्त आपण वेळेत आत पोचू असे वाटले होते. एका लाटेने होडीचा मागचा भाग उचलून बाजूला फेकला, शिडाखालचा आडवा दांडा धाडकन दुसऱ्या बाजूला गेला, आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघे पाण्यात होतो. जीवरक्षक जाकिटे होती. ती केबिनमध्ये, नीट घडी करून ठेवलेली होती.

दोघांच्या वजनाने आम्ही होडी पुन्हा सरळ केली. खरी गोष्ट इथून पुढची आहे. होडी तरंगत होती, पण काठोकाठ भरलेली. मामेभाऊ बादलीने पाणी उपसू लागला. मीही डबा घेतला. पाणी एक बोटभरही उतरेना. होडी वाऱ्याने कडेला घसरू नये म्हणून तिच्या तळातल्या फटीतून एक पाते पाण्यात सोडलेले असते आणि त्या फटीभोवती होडीच्या आत एक उभी पेटी असते. आमच्या भरलेल्या होडीत त्या पेटीचे तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेले होते. आम्ही बादलीने जेवढे बाहेर टाकत होतो, तेवढेच पाणी पेटीतून शांतपणे आत येत होते. म्हणजे आम्ही अरबी समुद्र उपसत होतो. ओहोटी आम्हाला बाहेर नेत होती. चाळीस मिनिटांनी मासेमारीची एक होडी आली आणि त्यांनी आम्हाला ओढून घेतले. मामेभाऊ त्यानंतर होडीत बसला नाही. मला कधी काही बोललाही नाही, आणि तेच जास्त लागले.

त्या अपघाताला वारा किंवा लाट जबाबदार नव्हती. ती चूक कागदावर झाली होती. पेटी वीस सेंटीमीटर उंच काढली असती, तर आम्ही पाणी उपसून घरी आलो असतो.

दुसरी होडी बांधण्याचा विषय घरात काढायला मला तीन वर्षे लागली. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. "बांधा. पण समुद्रात नेण्याआधी ती मुद्दाम बुडवून दाखवायची. मी काठावर घड्याळ घेऊन उभी राहीन." नौकाशास्त्रावरच्या कुठल्याही ग्रंथात याहून नेमका निकष मला सापडलेला नाही.

दुसऱ्यांच्या होड्या

या वेळी पेन्सिल हातात घेण्याआधी इतरांनी काय केले ते पाहिले. अशा छोट्या, गाडीमागून नेता येणाऱ्या शिडाच्या होड्यांचा अभ्यास ब्रिटनमध्ये फार मन लावून झाला आहे. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये 'वेफेअरर' ही जेमतेम सोळा फुटी, वर काहीही छप्पर नसलेली होडी आखली. फ्रँक डाय नावाच्या गृहस्थांनी १९६३ मध्ये एका सोबत्याला घेऊन तीच होडी स्कॉटलंडहून थेट आइसलंडला नेली. पुढच्या वर्षी नॉर्वेला जाताना वादळाने तिची डोलकाठी मोडली, होडी एकाहून अधिक वेळा उलटली, तरी त्यांनी ती पुन्हा सरळ केली, पाणी उपसले आणि किनारा गाठला. त्यांच्या धाडसाचे अनुकरण करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. मला त्यातले 'पाणी उपसले' हे दोन शब्द महत्त्वाचे वाटले. वेफेअररमध्ये ते शक्य होते. माझ्या होडीत नव्हते.

दुसरी होडी 'ड्रॅसकोम लगर'. ब्रिटिश नौदलातले माजी अधिकारी जॉन वॉटकिन्सन यांनी डेव्हन परगण्यात १९६० च्या दशकात ती आपल्या कुटुंबासाठी आखली. लांबी अठरा फूट नऊ इंच, आणि पाते वर घेतल्यावर खोली अवघी दहा इंच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्यांचा वारसा तिच्यात दिसतो. मुख्य शिडाला खाली आडवा दांडाच नाही, म्हणजे डोक्यात काही बसायचा प्रश्न नाही. अगदी मागे, सुकाणूच्याही पलीकडे, एक छोटे दुसरे शीड. वेब चाइल्स या अमेरिकन खलाशाने १९७८ मध्ये सॅन दिएगोहून अशाच एका उघड्या लगरमधून एकट्याने पॅसिफिक ओलांडायला सुरुवात केली. १९८० मध्ये फिजीच्या पश्चिमेला ती उलटली. पाण्याने भरलेल्या होडीसह ते सुमारे दोन आठवडे वाहत राहिले आणि वानुआतूच्या एका बेटाला लागले. होडी बुडाली नाही, पण त्यांना ती रिकामीही करता आली नाही. हे वाचताना मला दाभोळची ती चाळीस मिनिटे आठवली.

तिसरी 'मिरर'. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६२ च्या सुमारास एका वृत्तपत्राच्या पाठिंब्याने घरच्या घरी बांधता येईल अशी ही छोटी होडी काढली. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि शिवणीवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. सुताराचे कसब नसलेल्या हजारो लोकांना या पद्धतीने होडी मिळाली. शिवलेल्या होड्या आपल्या किनाऱ्यालाही नव्या नाहीत. काथ्याने फळ्या शिवून बांधलेली गलबते अरबी समुद्रात शतकानुशतके चालली. फरक इतकाच, की तिथे शिवण कायमची असे, इथे ती राळ सुकेपर्यंतची.

वजनाचा हिशेब

होडीच्या आरेखनाची सुरुवात सुंदर रेषेने होत नाही, वाण्याच्या यादीसारख्या यादीने होते. सांगाडा १७० किलो. डोलकाठ्या, शिडे, वल्ही, सुकाणू आणि पाते ६०. छोटे इंजिन आणि तेल ३०. नांगर, दोर, पिण्याचे पाणी, स्टोव्ह, अंथरूण ८०. दोन माणसे १५०. बर्फ आणि नशिबात असतील ते मासे ४०. एकूण ५३० किलो. खाऱ्या पाण्याच्या एका लिटरचे वजन सुमारे १.०२५ किलो, म्हणजे पाण्याखालच्या भागाने ५१७ लिटर जागा व्यापली पाहिजे, कमी नाही आणि जास्त नाही. आर्किमिडीज कुणाला सवलत देत नाही.

रस्त्याचा हिशेब वेगळा. माणसे, पाणी, बर्फ वजा केल्यावर उरणारी होडी २९० किलो, ट्रेलर १६०, एकूण ४५०. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर त्याचे भरलेले वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी ठेवायचे, हा नियम मी घाटासाठी स्वतःला घालून घेतला. त्या ओझ्याचा दहावा हिस्सा गाडीच्या मागच्या हुकावर यावा लागतो. वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेले, की वेगात शेपूट हलू लागते आणि ती शेपूट मग गाडीला हलवते. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. दोनशे किलोमीटर धावून चाकांच्या बेअरिंग तापलेल्या असतात. त्या तशाच थंड खाऱ्या पाण्यात घातल्या, की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते. म्हणून खाडीवर पोचल्यावर आधी अर्धा तास चहा, मग होडी.

वजन हलके हवे म्हटल्यावर तळाशी शिसे किंवा लोखंड भरून होडी स्थिर करण्याचा मार्ग बंद झाला. मग स्थैर्य आकारातून काढावे लागते. इथे गणित आपल्या बाजूने आहे. पाण्याच्या रेषेवरची रुंदी दहा टक्क्यांनी वाढवली, की होडीचा कलण्याला होणारा सुरुवातीचा विरोध सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, कारण तो रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. पण लोभ करून चालत नाही. फार रुंद होडी वल्हवताना जीव काढते, आणि एकदा पालथी झाली की पालथीही तितकीच स्थिर राहते. मी पाण्याच्या रेषेवर १.३५ मीटर आणि वर काठाला १.८० मीटर रुंदी ठेवली. बाजू बाहेर झुकत्या. म्हणजे हलकी असताना होडी अरुंद आणि वल्ह्याला सोपी, कलली की रुंद भाग पाण्याला टेकून तिला सावरणार.

एक-दशांश मापाची प्रतिकृती पातळ पुठ्ठ्याची करून, वर वार्निश मारून मी मामांकडे घेऊन गेलो. लांबी दहापटीने कमी केली की वजन हजारपटीने कमी होते, म्हणून तिच्यात बरोबर ५३० ग्रॅम भरेल इतके खिळे टाकले आणि विहिरीजवळच्या दगडी डोणीत ती सोडली. मामांनी बोटाने तिचा काठ दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"उलांडी का नाही लावत?" त्यांनी विचारले.

होडीपासून दूर, दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला तो लाकडाचा ओंडका कोकणातल्या निमुळत्या होडीला सांभाळतो. वजन थोडे, पण अंतर मोठे. तराजूच्या लांब दांडीवर हलके वजनसुद्धा काम करते, तसे.

"मामा, रस्त्यावर ती मावणार नाही. दर वेळी सोडायची आणि बांधायची म्हणजे निम्मा दिवस जाईल."

"मग तुझी उलांडी होडीच्या पोटातच घेतली आहेस म्हण," बाहेर झुकलेल्या बाजूंवरून बोट फिरवत ते म्हणाले. पाच पानांच्या हिशेबाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

लांबी ४.९ मीटर ठरली. पाण्यावर टेकणारी लांबी ४.६ मीटर. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्याच लाटेने अडवला जातो आणि ती मर्यादा लांबीच्या वर्गमुळावर ठरते. या होडीला ती सुमारे ५.२ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते. सायकलवाला तिला मागे टाकील. पण भरतीबरोबर खाडीत आत आणि ओहोटीबरोबर बाहेर असा बेत आखला, की पाण्याचा वेग फुकट मिळतो. आपले जुने दर्यावर्दी घड्याळापेक्षा तिथी पाहून निघत, ते उगाच नव्हे.

वारा, शीड आणि मासे

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. कोकणात शिडाची होडी आखायची तर तो धडा पुन्हा काढावा लागतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, हलका आणि थंड. सकाळी मध्येच तो पडतो. तास-दोन तास पाणी तेलासारखे. दुपारी समुद्रावरून वारा सुरू होतो आणि तीनच्या सुमाराला तो अंगावर येतो. पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत, हा कोळ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. म्हणजे या होडीला हलका वारा, शून्य वारा आणि पाठीमागून येणारा जोराचा वारा, असे तिन्ही एकाच दिवशी पेलायचे आहेत.

म्हणून शीड लग जातीचे घेतले. आखूड डोलकाठी आणि तिच्यावर तिरके चढवलेले परमाण. डोलकाठी ४.४ मीटर, होडीहून आखूड, त्यामुळे प्रवासात सगळे दांडे होडीच्या पोटात मावतात. उभी करायला एक माणूस पुरतो. बंदरावर वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि उंच धातूची डोलकाठी त्यांना लागली तर काय होईल, याचा विचार फार कमी लोक करतात. वारा वाढला की शीड खाली ओढून आखडायला बांधण्याच्या दोन ओळी आहेत. आडवा दांडा नाही. त्यामुळे पाठीमागच्या वाऱ्यात थोडा वेग जातो, पण तो धाडकन फिरणारा दांडा मला परत पाहायचा नव्हता. आरेखन पाहून मामा म्हणाले, "हे तर आपलंच परमाण, जरा आखूड केलेलं."

मागचे छोटे शीड कशाला, असे मला अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर मासेमारीत आहे. मुख्य शीड उतरवून मागचे छोटे शीड घट्ट ताणले, की होडी वाऱ्यातल्या कोंबड्यासारखी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि हळूहळू मागे सरकते. सुकाणूला कुणी हात लावायला नको. दोन्ही हात गळाला मोकळे. खाडीच्या तोंडाशी तांबोशी, आत खारफुटीच्या कडेला जिताडा. जिताडा लागला की दोन हातसुद्धा कमी पडतात. उभे राहून गळ ओढता यावा म्हणून तळ सपाट आणि रुंद आहे. त्याच सपाट तळामुळे ओहोटीला होडी चिखलात न कलता बसते.

झोपण्यासाठी केबिन नाही. हा निर्णय सर्वांत अवघड होता. पण केबिन वजन वाढवते, वारा धरते, उभे राहून मासे धरण्याची जागा खाते आणि जीवरक्षक जाकिटे लपवून ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात पाऊस नसतो. दोन डोलकाठ्यांमध्ये दोर ताणून त्यावर ताडपत्री टाकली आणि आत मच्छरदाणी लावली, की दोन माणसांना पाय पसरून झोपायला १.९५ मीटरची जागा आहे. दव पडते, तेवढे सोसायचे.

पातेल्यातली परीक्षा

प्लायवूड आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे मरीन. या प्रतीचे प्लायवूड ७२ तास उकळत्या पाण्यात टिकले पाहिजे, असा दंडक आहे. शिक्क्यावर विश्वास न ठेवता मी नमुन्याचे तुकडे घरच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. एका दुकानातून आणलेला तुकडा पहिल्याच संध्याकाळी वहीच्या पानांसारखा उलगडला. ते पातेले नंतर स्वयंपाकघरात परत आले नाही.

जोडकामाला इपॉक्सी राळ आणि काचतंतू. आपल्या हवेत हे टिकते का, अशी शंका होती. पण कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकूड, काचतंतू आणि इपॉक्सी यांचीच बांधलेली आहे. मग माझ्या सोळा फुटांची काय कथा! एप्रिलच्या उन्हात राळ डब्यातच तापून घट्ट होते आणि पावसाळी हवेत तिच्यावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही, हे मात्र स्वतःच शिकावे लागले. दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले.

आणि ती पेटी. होडी पूर्ण भरली, आत दोन माणसे उभी आहेत, अशा वेळी पाणी कुठपर्यंत येईल, हे आधी मोजले. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंच्या बाकांखाली मिळून ४५० लिटरच्या हवाबंद जागा ठेवल्या. या जागांमुळे होडी तरंगते, शिवाय आत पाणी मावायलाच कमी जागा उरते. पेटीचे तोंड त्या हिशेबाच्या पातळीपेक्षा बारा सेंटीमीटर वर घेतले. बसायला थोडी अडचण होते. होऊ दे.

डिसेंबर २०१६ मध्ये, भरतीच्या वेळी, मामांच्या घरासमोरच्या शांत पाण्यात परीक्षा झाली. अंगात जाकीट घालून मी आणि पुण्याचा एक मित्र होडीत. काठावर पत्नी घड्याळ घेऊन, शेजारी खुर्चीत मामा, आणि मागे माडाला टेकून मामेभाऊ. आम्ही होडी कडेला ओढून आडवी केली आणि परीक्षेत नापास झालो. बाजूच्या बाकांखाली मी फार हवा कोंडली होती. आडवी झालेली होडी त्या हवेवर इतकी उंच तरंगली, की ज्या पात्यावर चढून तिला सरळ करायचे ते आमच्या हाताच्या वर राहिले. वारा तिला आमच्यापासून दूर नेऊ लागला. जिवाला धोका नव्हता, पाणी छातीभर होते. पण खाडीच्या तोंडाशी ते छातीभर नसते. पत्नीने घड्याळ बंद केले. कुणी काही बोलले नाही.

पुण्याला परत. बाकांखालच्या हवेच्या जागा कापून लहान केल्या, तेवढी हवा पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत नेली, आणि काठाखालून पाय ठेवायला दोराचा एक फास दोन्ही बाजूंना लावला. आणखी एक वर्ष गेले.

दुसऱ्या परीक्षेला होडी आडवी केल्यावर पाते हाताला लागले. दोराच्या फासात पाय देऊन वर चढलो, दोन मिनिटांच्या आत ती सरळ झाली. आत पाणी गुडघ्याच्या खाली. पेटीच्या तोंडाकडे मी पाहत राहिलो. लाटेबरोबर आतले पाणी वर-खाली होत होते, पण काठावरून येत नव्हते. मित्राने बादली घेतली. पहिल्या दहा-पंधरा बादल्यांत फरक दिसेना आणि माझ्या पोटात गोळा आला. मग बाकाच्या लाकडावर ओली रेघ दिसली. पाणी एक बोट उतरले होते. अकराव्या मिनिटाला तळाची फळी दिसली.

"अकरा," पत्नी काठावरून म्हणाली. तिने घड्याळ पर्समध्ये ठेवले. ती परवानगी होती.

त्यानंतर दर हिवाळ्यात होडी घाट उतरते आणि पावसाळ्याआधी वर येते. वरवर पाहता हे नवलाचे वाटते, पण पावसाळ्यात होडी पाण्याबाहेर ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात लोटायची, हा आपल्या किनाऱ्याचा जुनाच रिवाज आहे. मी तिला जरा लांब ओढतो, इतकेच. बाहेर समुद्रात मी ओहोटीच्या वेळेचा हिशेब केल्याशिवाय जात नाही, आणि उशीर झालाच तर खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून पाणी फिरायची वाट पाहतो. होडी कितीही चांगली आखली तरी हे काम तिच्यावर सोपवता येत नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मी जेटीवर दोर सोडत होतो. मामेभाऊ सायकल टेकवून उभा होता, नेहमीसारखा. त्याने होडीकडे, मग पेटीकडे पाहिले. वाकून पेटीचा काठ हाताने चाचपला.

"धोपाव्यापर्यंतच," तो म्हणाला, आणि जाकिटासाठी हात पुढे केला.